झाकण लावून काढलेले फोटो

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगते.

पण ही गोष्ट खरी आहे. ते फोटो मी पाहिलेत. एकदा नाही, निदान वीस वेळा. आधी हसत, मग चष्मा पुसून, आणि शेवटी आईचा हात धरून.

आणखी एक आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी रुसायला नको. यात रात्र नाही. खिडक्या आपटत नाहीत, दिवे जात नाहीत, लांबवर कुत्री रडत नाहीत. मंगळवार होता. दुपारचे बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. ऊन असं होतं की डोळे उघडे ठेवता येत नव्हते.

घडलं ते माझ्या मामाच्या बाबतीत.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. टीव्ही दुरुस्त करतो. खाली दुकान, वर दोन खोल्या. त्याच्या शर्टाच्या खिशात कायम कुणाचा ना कुणाचा रिमोट असायचा, म्हणून आम्ही भाचरं त्याला रिमोटमामा म्हणायचो. त्याची एक जादू ठरलेली होती. रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरायचा आणि बटण दाबायचं. नुसत्या डोळ्यांना काही दिसायचं नाही. पण मोबाइलच्या पडद्यावर रिमोटच्या टोकाचा बारका दिवा लुकलुकायचा.

"रिमोट जिवंत आहे की मेलाय, ते असं बघायचं," मामा सांगायचा. "उजेड असतोच गं. आपल्या डोळ्यांना तेवढा पोचत नाही."

मामी शिवणकाम करायची. त्यांना मूलबाळ नव्हतं, पण घरात शांतता म्हणून कधी नसायची. दोघंही भारी बोलके. एक जण वाक्य सुरू करायचा आणि दुसरा ते भलतीकडेच नेऊन संपवायचा.

दोन वर्षांपूर्वी मामी गेली.

आजारी होती, त्यामुळे धक्का असा नव्हता. पण ती गेली तेव्हा मामा तिच्याजवळ नव्हता. नर्सनं एक कागद हातात दिला आणि तळमजल्यावरून शिक्का आणायला सांगितलं. खाली रांग होती. वर यायला लिफ्ट मिळेना. वीस मिनिटं लागली. परत आला तर खाटेभोवतीचा पडदा ओढलेला होता.

"शांतपणे गेल्या," नर्स म्हणाली.

"तुम्ही होतात जवळ?"

"नाही, मी त्या पलीकडच्या पेशंटपाशी होते."

बस्स. त्या वीस मिनिटांनी मामाला आतून पोखरलं. तिनं हाक मारली असेल का? घाबरली असेल का? आईला तो पुन्हा पुन्हा एकच विचारायचा, "ताई, ती अगदी एकटी होती का गं?" आई काय सांगणार? ती नुसती त्याच्या पाठीवरून हात फिरवायची.

मग त्यानं विचारणंही सोडलं. सगळंच बोलणं सोडलं. दुकानात दुरुस्तीला आलेले पाच-सहा टीव्ही एकदम बडबडत असायचे आणि त्यांच्या मधोमध मामा गप्प बसलेला. फोन केला तर "जेवलास का?" याला "हो", आणि "काय जेवलास?" याला काहीच नाही.

दुकानाशेजारी पासपोर्ट फोटोचा एक स्टुडिओ आहे. तो स्टुडिओवाला मामाचा जुना दोस्त. त्याला हे बघवेना. एक दिवस तो एक गोल काळी काच घेऊन आला.

"तुझ्या रिमोटमधला जो न दिसणारा उजेड आहे ना, त्याच उजेडात फोटो काढता येतात," तो म्हणाला. "झाडं पांढरी येतात. आभाळ काळं येतं. तुझा कॅमेरा धूळ खात पडलाय, काढ बाहेर."

"रात्री अंधारातली माणसं दाखवणारे कॅमेरे असतात, ते हेच का?"

"ते वेगळं. याला ऊन लागतं. रणरणतं, भर दुपारचं. तसाही तू दुपारी माश्याच मारतोस."

कॅमेरा मामीबरोबरच्या एका सहलीसाठी घेतलेला होता. मामानं त्याच्यासमोर रिमोट धरून बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक ठिपका दिसला. अगदी अंधूक.

"जिवंत आहे," मामा म्हणाला.

मग तो शिकायला लागला. कॅमेऱ्याच्या आत हा उजेड अडवणारी एक पातळ काच बसवलेली असते, त्यामुळे आत फार थोडा उजेड जातो आणि एकेका फोटोला तीस-तीस सेकंद लागतात. म्हणून ट्रायपॉड हवा. काळी काच लावली की माणसाला त्यातून काहीच दिसत नाही, म्हणून नेम आधी धरायचा आणि काच मागाहून फिरवून बसवायची. आणि हिरव्या गवतासमोर कॅमेरा धरून त्याला बजावायचं, बाबा रे, हे पांढरं आहे असं समज.

पहिले तिन्ही फोटो लालभडक आले. स्टुडिओवाल्यानं विचारलं, "कॅमेरा रंगाच्या बादलीत बुडवला होतास का?"

चौथा जमला. झाडं पांढरीशुभ्र. आभाळ काजळासारखं. आणि गवतावर उघडून ठेवलेली मामाची काळी छत्री... ती चक्क पांढरी आली होती.

त्या दिवशी मामानं मला स्वतःहून फोन केला. दोन वर्षांत पहिल्यांदा. छत्रीबद्दल पंधरा मिनिटं बोलला. फोन ठेवल्यावर मी रडले, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

त्यानं एक जागाही शोधली. गावाबाहेर पाणी शुद्ध करण्याचं एक जुनं केंद्र होतं, केव्हाच बंद पडलेलं. मोठाले गोल हौद कोरडे पडून त्यांत गुडघाभर गवत माजलेलं. कडेनं उंच झाडं. मधून खडीची वाट. दुकानाची सुट्टी मंगळवारी, म्हणून दर मंगळवारी दुपारी मामा तिथं जायचा. नेहमी एकाच ठिकाणी ट्रायपॉड लावायचा. त्याच्या पायांसाठी त्यानं जमिनीवर रंगाचे तीन ठिपकेसुद्धा काढून ठेवले होते.

तीस सेकंदांच्या फोटोची एक गंमत असते. चालणारी माणसं त्यात येत नाहीत. वाटेवरून कुणी सायकल मारत गेला तरी फोटोत वाट रिकामीच दिसते.

जो एका जागी थांबतो, तोच उमटतो.

खडी सैल होती, हललं की ट्रायपॉड हलायचा. म्हणून मामाही कॅमेऱ्यामागे पुतळ्यासारखा उभा राहायचा. डोक्यावर रुंद कडेची गवती टोपी. मनात आकडे मोजायचे. एक... दोन... तीन...

आणि साधारण विसाव्या आकड्याला, उजवीकडे...

कर्र.

तेवढाच आवाज. खूप वेळ उभं राहिलेला माणूस एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर देतो, तसा.

मामाला वाटायचं, आपणच हललो. एका मंगळवारी त्यानं मुद्दाम पायाखाली सपाट फरशी घेतली.

अठरा... एकोणीस... वीस...

कर्र.

त्यानं वळून पाहिलं. खडीची वाट, गवत, ऊन. कुणी नाही. खडी तापली की तडतडत असेल, असं म्हणून त्यानं तो विषय सोडून दिला.

आता जरा लक्ष द्या. सगळं पुढे याच्यावरच आहे.

एवढा वेळ फोटो घेतला की त्यात रंगीत ठिपक्यांची चिकचिक येते. ते कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष. स्टुडिओवाल्यानं त्यावर उपाय सांगितला होता. "खरा फोटो झाला की भिंगाला झाकण लाव आणि तेवढ्याच सेकंदांचा आणखी एक फोटो काढ. त्यात नुसते ठिपके येतील, बाकी काळं. मग संगणकावर पहिल्यातून दुसरा वजा कर. पहिला स्वच्छ."

दुसरा कुणी असता तर दिवसाकाठी असा एखादाच काळा फोटो काढून मोकळा झाला असता. पण मामा पडला दुरुस्तीवाला. प्रत्येक फोटोमागे एक काळा. म्हणजे पुन्हा तीस सेकंद, पुन्हा पुतळा.

ते काळे फोटो उघडून कोण बघतं? झाकण लावलेल्या कॅमेऱ्यात असणार काय?

पण वजाबाकी केली की प्रत्येक फोटोच्या उजव्या बाजूला एक करडा पट्टा उरायचा. उभा. सगळ्या फोटोंत, त्याच जागी. मामाला वाटलं, काळ्या काचेचा दोष. काच पुसली. मग भिंग पुसलं. पट्टा जाईना.

मग एका संध्याकाळी त्यानं एक काळा फोटो उघडला आणि त्याचा उजेड वाढवत नेला. आधी काही नाही. मग जांभळट चिकचिक. मग आणखी वाढवला...

फोटोत माणूस उभा होता.

छातीपासून वरचा भाग. कडा पुसट. डोक्यावर रुंद कडेची टोपी.

मामानं स्वतःला ओळखलं. आणि मग त्याला आपल्या उजव्या खांद्याला लागून दुसरं कुणीतरी उभं असलेलं दिसलं.

त्यानं सगळे काळे फोटो उघडले. तीन महिन्यांचे. सगळ्यांत दोघं होते.

दुसऱ्या दिवशी तो स्टुडिओवाल्याकडे गेला. फोटो दाखवले नाहीत, नुसतं विचारलं, की झाकण लावल्यावर उजेड कुठून शिरू शकतो?

"मागून," स्टुडिओवाला म्हणाला. "डोळा लावायचं भोक आहे ना, तिथून. कॅमेऱ्याच्या पट्ट्याला एक रबरी टोपण असतं बघ, ते त्या भोकावर बसवायचं असतं. कुणीच बसवत नाही."

"म्हणजे मागे उभा असलेला माणूस फोटोत येईल?"

"माणूस कसा येईल? उजेडाचा डाग येईल. बरा आहेस ना?"

मामा बरा होता. गेल्या दोन वर्षांत नव्हता इतका बरा होता. कारण आदल्या रात्रीच त्यानं एक गोष्ट पाहून ठेवली होती. शेजारी उभ्या असलेल्या त्या दुसऱ्या आकृतीचं डोकं त्याच्या कानाशी येत होतं.

मामीची उंची तेवढीच होती. बरोबर कानापर्यंत.

मामानं हे आम्हाला सांगितलं ते आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर, अगदी सहज, एखादी पाहुणी आल्याचं सांगावं तसं. तो दर मंगळवारी तिला आवडायचा तो निळा शर्ट घालून जायला लागला होता. तीस सेकंद ती त्याच्याजवळ उभी राहते, एवढं त्याला पुरत होतं.

"ती रागावलेली नाही गं ताई," तो आईला म्हणाला. "मी नव्हतो तिथं, तरी रागावलेली नाही. नाहीतर आली असती का?"

आईनं ताटावरून हात काढून घेतला. रात्री ती मला म्हणाली, "त्याला इकडे घेऊन येऊ. एकटा राहून राहून डोकं फिरेल त्याचं."

पण मामा यायला तयार नव्हता. मामी तिकडे असताना तो कशाला येईल?

शहाणपणा मी केला. आता वाटतं, करायला नको होता. मी त्याला म्हणाले, "मामा, ते रबरी टोपण एकदा लावून बघ ना. मागून शिरणारा उजेड असेल तर दोघंही जातील. मग तरी मानशील?"

मामा खिशातल्या रिमोटची बटणं दाबत राहिला. त्याला कशाची भीती वाटत होती ते मला कळत होतं. दोघंही गेले असते तर त्याच्याकडे पुन्हा तेवढीच वीस मिनिटं उरली असती.

"चल," तो शेवटी म्हणाला. "तू पण चल."

तोच तो मंगळवार.

बारा वाजून वीस मिनिटं. मी वाटेवर वीसेक पावलं मागे थांबले. हलायचं नाही अशी सक्त ताकीद होती. मामानं पहिला काळा फोटो नेहमीसारखा काढला. मग मागच्या भोकावर रबरी टोपण बसवलं आणि वरून काळी पट्टी चिकटवली. बटण दाबलं. उभा राहिला.

मी त्याच्या पाठीकडे बघत होते. निळा शर्ट, गवती टोपी. शेजारी कुणीही नव्हतं. शपथेवर सांगते, कुणीही नव्हतं.

एवढी शांतता मी दुपारी कधी ऐकली नाही. ऊन डोक्यावर दाबत होतं.

मग...

कर्र.

मी ऐकलं. मामा हलला नव्हता, मी हलले नव्हते.

आणि त्याच्या टोपीची उजवी कड हळूच वर उचलली गेली. थोडीशीच. आणि तशीच राहिली.

वाऱ्यानं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. वारा नव्हता. गवताचं एक पातं हलत नव्हतं.

खट्. फोटो संपला. टोपीची कड खाली आली.

घरी येऊन मामानं संगणक लावला. आई खुर्ची ओढून बसली, मी मागे उभी. टोपण लावलेला काळा फोटो त्यानं उघडला आणि उजेड वाढवत नेला. जांभळी चिकचिक आली. आणखी वाढवला...

मामा नव्हता.

त्याची जागा रिकामी होती. टोपी नाही, खांदे नाहीत. स्टुडिओवाल्यानं सांगितलं तसंच झालं होतं. मागचा उजेड बंद, मामा बंद.

दुसरं मात्र होतं.

आणि आता मागच्या उजेडाचा धूसरपणा नसल्यामुळे ते चांगलं स्पष्ट होतं. आकृतीच्या कडा नीट दिसत होत्या. चेहरा म्हणाल तर नाही. पण डोकं, मान, पाठ...

"ही पाठ अशी का आहे?" आईनं विचारलं.

मामानं टोपण नसलेला फोटो घेतला आणि दोन्ही एकावर एक ठेवले. ट्रायपॉड ठिपक्यांवरच होता, त्यामुळे ते अचूक बसले. आता मामा दिसत होता आणि त्याच्या शेजारी ते दिसत होतं. डोकं त्याच्या कानाशी. अगदी टोपीच्या कडेखाली.

ते बुटकं नव्हतं.

ते वाकलं होतं. कमरेतून. सरळ उभं राहिलं असतं तर मामाच्या टोपीच्याही हातभर वर गेलं असतं. ते एवढं वाकलं होतं, कारण त्याला तोंड मामाच्या कानापाशी न्यायचं होतं.

आईनं माझा हात धरला, की मी तिचा, आठवत नाही.

"ही ती नाही," मामा म्हणाला.

त्याचा तो आवाज मला फोटोपेक्षा जास्त लागला. तीन महिने त्यानं तिच्याशी संसार केला होता, दर आठवड्याला तीस-तीस सेकंदांचा. त्या दुपारी त्याच्यासाठी मामी पुन्हा एकदा गेली. आणि या खेपेला त्याला तिथून हलवून तिचा हात सोडायला लावणारी मी होते.

आई उठली आणि त्याचे कपडे बॅगेत भरायला लागली. त्यानं अडवलं नाही. त्याच संध्याकाळी आम्ही त्याला आमच्याकडे आणलं. कॅमेरा, ट्रायपॉड, काळी काच, सगळं स्टुडिओवाल्याच्या हवाली केलं. त्याला आता सगळं सांगणं भाग होतं.

तो हसला नाही. पण त्याला पटलंही नाही.

पुढच्या मंगळवारी तो स्वतः तिथं गेला. तोच कॅमेरा, तेच ठिपके, तीच वेळ. टोपण लावून दहा आणि टोपण न लावता दहा काळे फोटो काढले. संध्याकाळी त्याचा मला फोन आला.

"काही नाही," तो म्हणाला. "कोरं करकरीत. मी पण नाही आणि दुसरं कुणी पण नाही. कॅमेरा चांगला आहे आणि जागाही चांगली आहे. तुम्ही उगाच घाबरलात."

आईनं हुश्श केलं. मीही केलं. चहा पिताना माझ्या लक्षात आलं की कॅमेऱ्यात काही नव्हतं, जागेत काही नव्हतं, आणि मामा आता आमच्या घरात आतल्या खोलीत झोपला होता.

आईला मी हे बोलले नाही.

आणि खरं सांगायचं तर मामा आमच्याकडे सुधारला. जेवायला लागला. झोपायला लागला. आईशी जुन्या गोष्टींवरून भांडायलाही लागला. एकच नवीन सवय लागली होती. दुपारी तो गॅलरीत उभा राहायचा, अजिबात न हलता. पहिले काही दिवस थोडा वेळ. मग पाच मिनिटं. मग दहा.

मान उजवीकडे जराशी कलती. कमी ऐकू येणारा माणूस करतो तशी.

परवा दुपारी तो गॅलरीतून आत आला तेव्हा त्याचा चेहरा इतका निवांत होता की आईनं हातातली भाजी खाली ठेवली.

"ताई," तो म्हणाला, "ती एकटी नव्हती."

"कोण?"

"ही. त्या वीस मिनिटांत. तिनं हाका मारल्या नाहीत. तिचे पाय उघडे पडले होते, गार पडले होते. तेवढंच तिनं सांगितलं. मग पांघरूण ओढलं गेलं आणि पायांखाली नीट खोचलं गेलं. मग ती झोपली."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तो हसत होता. दोन वर्षं जे ओझं तो वाहत होता ते उतरलेलं मला समोर दिसत होतं. मला आनंद व्हायला हवा होता.

मी आईकडे पाहिलं. ती पांढरीफटक पडली होती.

तो आत हात धुवायला गेला तेव्हा ती मला म्हणाली, "त्या दिवशी निरोप कळताच मी धावत आले, आणि पडद्याआड आधी मीच गेले. हा बाहेर खुर्चीत कोसळला होता. पांघरूण पायांखाली खोचलेलं होतं, लहान मुलाचं खोचतात तसं. मी नर्सला म्हटलं, बाई, नीट केलंत हो. तर ती म्हणाली, मी अजून हातसुद्धा लावलेला नाही."

"मग तू मामाला हे कधी..."

"कुणालाच नाही. तुझ्या बाबांनासुद्धा नाही."

मामा हात पुसत बाहेर आला. मला विचारायचं नव्हतं. पण तोंडातून गेलंच.

"मामा, तिच्याजवळ कोण होतं?"

मामानं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबला. हे आपण विचारलंच नाही, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर आला.

"थांब," तो म्हणाला. "विचारतो."

आणि तो गॅलरीत गेला, स्थिर उभा राहिला आणि त्यानं मान उजवीकडे कलती केली.

मी तिथं थांबले नाही. आईला घेऊन जिना उतरले आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन उभी राहिले, काहीही विकत न घेता, अर्धा तास. परत आलो तेव्हा मामा पेपर वाचत होता. त्याला काय उत्तर मिळालं ते त्यानं सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलेलं नाही. तो खुशीत आहे. आई म्हणते, त्याला बरं वाटतंय ना, मग जाऊ दे.

जाऊ देते. पण काल सकाळी मी आरशासमोर केस विंचरत होते, तेव्हा मामा दारात येऊन उभा राहिला. माझ्याकडे नाही, माझ्या शेजारी बघून हसला आणि स्वयंपाकघरात निघून गेला.